हेवी मेटलची गाणी यंत्राच्या हाती

मागच्या खेपेला अकोल्यात बोललो तेव्हा शेवटी एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, मूळ गाणं इतकं भारी असताना त्याच्यात कम्प्युटर काऊन घुसवतात हे लोक?" सभागृह रिकामं करायची वेळ झाली होती. आम्ही काहीतरी थातूरमातूर बोलून सुटका करून घेतली. ते उत्तर राहिलं, ते आज अमरावतीत देतो. तो मुलगा ऑनलाइन ऐकत असेल अशी आशा आहे.

विषय हेवी मेटलच्या गाण्यांच्या इंडस्ट्रियल कव्हर आवृत्त्यांचा. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीनं पुन्हा करणं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इंडस्ट्रियलवाले ते ड्रम मशीन, सिंथ, सॅम्पलर आणि कारखान्यात शोभतील अशा आवाजांनी करतात. तक्रार अशी की त्यामुळे गाण्यातला माणूस जातो. आमचं म्हणणं, तक्रार अर्धी खरी आहे. पण त्या गाण्यात यंत्र आधीपासूनच होतं, हे ती विसरते.

बर्मिंगहॅमला चला. १९६५ च्या सुमारास सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. नेमकी त्याच हाताची दोन बोटांची टोकं यंत्रात गेली, आणि तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. मग या गड्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे गिटारचे सूरही खाली उतरवले. ब्लॅक सॅबथचा तो जड, खोल आवाज घडण्यात या अपघाताचा मोठा वाटा आहे. मेटलच्या जन्मालाच कारखाना हजर होता, असं आम्ही म्हणतो ते अलंकार म्हणून नाही.

आता 'सुपरनॉट' घ्या. सॅबथच्या १९७२ च्या 'व्हॉल्यूम फोर'मधलं गाणं. गिटार एकच जड सुरावट पुन्हा पुन्हा फिरवते, पण खाली ढोल वाजवणारा बिल वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला. त्याचा ठोका घड्याळावर पडत नाही. किंचित रेंगाळतो, किंचित पुढे उडी मारतो. मध्ये तर गिटारचा जडपणा बाजूला होतो आणि ताल जवळजवळ नाचायला लागतो. १९९० मध्ये शिकागोच्या वॅक्स ट्रॅक्स या कंपनीनं त्याची नवी आवृत्ती काढली. नाव वन थाउजंड होमो डीजेज, पण डोकं मिनिस्ट्रीच्या अल जोर्गेन्सनचं. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरनं गायलेली प्रत त्याच्या कंपनीच्या हरकतीमुळे तेव्हा अडली, १९९४ च्या एका संग्रहात आली. हा किस्सा लोक फार चघळतात. आम्हाला त्यात फारसा रस नाही.

रस आहे तो ठोक्यात. वॉर्डचं रेंगाळणं गेलं. ठोका सरळ, एकसारखा, प्रेसमधून पत्रे पडावेत तसा. आवाज इतका फाटलेला की गाणाऱ्याचा चेहरा डोळ्यासमोर येत नाही. नुकसान झालं? झालं. पण गिटारची तीच सुरावट आता वेगळी वाटते. सॅबथकडे ती फुशारकी होती, इथे पाळी संपेपर्यंत सुटका नसलेलं काम वाटते. ज्या पत्र्याच्या शेडमधून आयोमी निसटला, तिथे त्याचंच गाणं परत नेऊन उभं केलं. याला आम्ही वाचन म्हणतो, नक्कल नाही.

सगळीच कव्हर अशी नसतात. ड्युसेलडॉर्फच्या डी क्रुप्सनं १९९२ मध्ये मेटालिकाच्या गाण्यांचा एक संच काढला. ऐकायला मजा येते, खोटं कशाला बोला. पण 'एंटर सँडमन' मुळातच इतकं मोजूनमापून बांधलेलं गाणं की यंत्राला तिथे नवं बोलायला जागाच नाही. गंमत म्हणजे याच मंडळींनी १९८१ मध्ये 'श्टालवेर्कझिंफोनी' केली होती. अर्थ, पोलाद कारखान्याची सिंफनी. स्वतःच्या घरातलं लोखंड बाहेर ठेवून ते पाहुण्याचे कपडे घालून आले, असं आमचं मत. उलटा प्रवासही झालाय: क्राफ्टवर्कचं १९७८ चं 'दास मोडेल' हे यंत्रावरचं गाणं रामश्टाइननं १९९७ मध्ये गिटारींवर घेतलं. त्यावर पुन्हा कधीतरी.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला वऱ्हाडात कशाला सांगता? कारण तुमचा प्रश्न इथलाच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मोझरीची खंजिरी आठवा. भजनात हात थबकतो, शब्द पुढे जातो, मग थाप त्याला गाठते. त्याच चालीचं डीजे रूप मिरवणुकीत ऐका: पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच धम-धम. थबकणं गेलं आणि बदल्यात काहीच आलं नाही. 'सुपरनॉट'मध्ये निदान कारखाना आला होता. म्हणून आम्ही डीजेवर चिडतो ते विजेवर चालतो म्हणून नव्हे, भिंतीएवढे बॉक्स लावून त्याच्याकडे सांगायला काही नसतं म्हणून. कानाचं जे होतं ते वेगळंच.

आणि आपल्याकडे यंत्राचा आवाज कमी होता काय? अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल. भोंग्यावर स्वयंपाक मांडणारी घरं होती. भोंगा गेला, जिनं अजून हंगामात चालतात. एका विद्यार्थ्यानं परवा आम्हाला फोनवर काही ऐकवलं. अकोटकडच्या एका जिनात रेकॉर्ड केलेली खटखट, तिच्यावर सॅबथच्या धर्तीची गिटार. पहिलं मिनिट अगदी कच्चं. मग कापसाचा मोठा लोट आत आला असावा, यंत्राचा आवाज जड झाला, गती जराशी खाली बसली. पोरानं ती दुरुस्त केली नव्हती. गिटार तिच्यासोबत खाली गेली, यंत्र मोकळं झालं तशी परत वर आली.

आम्ही तो तुकडा तीनदा ऐकला. यंत्र एकसारखं वाजतं ही समजूत सॉफ्टवेअरनं करून दिलेली आहे. खरं यंत्र ओझ्याखाली दबतं, तापतं, पट्टा सरकला की ओरडतं. बिल वॉर्ड जे हातानं करायचा त्याचा चुलतभाऊच म्हणा. "ठोका सरळ करून घेऊ का सर?" असं तो विचारत होता. आम्ही म्हटलं, हात लावू नको बाप्पा.

अकोल्याच्या त्या मुलाला एवढंच सांगायचंय की कम्प्युटर घुसवला का हे विचारण्याआधी त्यानं आत काय आणलं ते ऐक. बरं, मागचे दिवे बंद करा कुणीतरी. आधी १९७२ चं लावतो, लगेच १९९० चं, आणि मग जिनाचा तो तुकडा. पायानं ठेका धरा. कुठे सुटतो ते नंतर सांगा.