गृहमैदान कोणाचे? : भारतीय फुटबॉल संघाच्या पात्रता सामन्यांची स्थळनिवड आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश

प्रस्तावना

राष्ट्रीय फुटबॉल संघाचा पात्रता फेरीतील स्वदेशी सामना कोणत्या शहरात खेळवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थापनाचा वाटतो. परंतु ज्या शहराची निवड होते तेथील मुलांना राष्ट्रीय संघ प्रत्यक्ष पाहता येतो, तेथील मैदानाची निगा राखली जाते आणि तेथील संघटनेचे वजन वाढते. ज्या प्रदेशाचा विचारच होत नाही, तेथे तो खेळ वृत्तपत्रातील बातमीपुरता उरतो. म्हणून स्थळनिवडीची चिकित्सा ही क्रीडाधोरणाचीच चिकित्सा ठरते. प्रस्तुत लेखात २०१५ ते २०२५ या कालखंडात भारतीय पुरुष संघाने मायदेशी खेळलेल्या विश्वचषक व आशियाई चषक पात्रता सामन्यांच्या आधारे ही निवड तपासली असून, चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

दहा वर्षांचा नकाशा

या कालखंडात भारतीय भूमीवर असे एकूण १९ सामने झाले. त्यांपैकी बंगळुरू व कोलकाता येथे प्रत्येकी ५, गुवाहाटी येथे ४, गोव्यातील फातोर्डा येथे २, तर कोची, भुवनेश्वर व शिलाँग येथे प्रत्येकी १ सामना झाला. १९ पैकी ८ सामने भारताने जिंकले, ४ बरोबरीत सुटले आणि ७ गमावले. महाराष्ट्रातील एकाही शहराचे नाव या यादीत नाही.

या आकड्यांवरून एखादे मैदान संघाला 'लाभते' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कोलकात्यात या काळात भारत एकही पात्रता सामना हरला नाही, तर गुवाहाटीत चारपैकी दोन हरला. परंतु कोलकात्यातील तिन्ही विजय जून २०२२ मध्ये कंबोडिया, अफगाणिस्तान व हाँगकाँग यांच्याविरुद्धचे आहेत. भुवनेश्वरमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये समोर कतारचा संघ होता. प्रतिस्पर्ध्याचे बळ वगळून मैदानाचे श्रेय मोजता येत नाही. मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानने भारताला गुवाहाटीतच २-१ असे हरविले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरने फातोर्डा येथे त्याच गुणफरकाने विजय मिळविला. आपले मैदान आपोआप फळ देत नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

'स्वदेशी सामना' ही संज्ञाही वाटते तितकी स्थिर नाही. कोरोना साथीमुळे २०२१ मध्ये भारताच्या गटाचे उर्वरित सामने दोहा येथे झाले, आणि भारताचे 'घरचे' सामने कतारच्या राजधानीत नोंदले गेले. अफगाणिस्तानने तर भारताविरुद्धचे आपले स्वदेशी सामने २०१९ मध्ये दुशान्बे येथे व २०२४ मध्ये सौदी अरेबियातील आभा येथे खेळले. गृहमैदान ठरविण्यात भूगोलाइतकाच सुरक्षितता, पैसा व संघटनात्मक सोय यांचा वाटा असतो, हे येथे स्पष्ट होते.

निवडीमागील तीन घटक

उपलब्ध उदाहरणांचा विचार केला असता स्थळनिवडीमागे तीन घटक दिसून येतात : सुविधा, प्रेक्षक आणि राज्याची इच्छाशक्ती.

सुविधांचा निकष सर्वांत ठळक आहे. प्रकाशझोत, खेळपट्टीचा दर्जा, निवास, रुग्णालय व विमानतळ यांची पूर्तता झाल्याशिवाय आंतरराष्ट्रीय सामना मिळत नाही. परंतु केवळ सुविधेने निवड होत असती, तर नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम मागे पडले नसते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तेथे झाले. २०२२ ची महिलांची आशियाई चषक स्पर्धा तर २०२३ च्या महिला विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती. तिच्यासाठी प्रथम विचारात असलेली भुवनेश्वर व अहमदाबाद ही स्थळे वगळून, साथीच्या काळात प्रवास कमी व्हावा म्हणून, नवी मुंबई, मुंबई व पुण्यातील बालेवाडी यांची निवड झाली. म्हणजे महाराष्ट्रात मैदाने आहेत. पुरुष संघाच्या पात्रता सामन्यांच्या वेळी मात्र ती यादीत येत नाहीत.

दुसरा घटक प्रेक्षकांचा. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्ध भारताने ५-० असा विजय मिळविला, तेव्हा अवघे २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. कर्णधार सुनील छेत्री यांनी समाजमाध्यमावरून केलेल्या आवाहनानंतर ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. मैदान तेच, शहर तेच. तीन दिवसांत प्रेक्षक बदलला. एका आवाहनाने भरलेले मैदान टिकाऊ प्रेक्षकवर्गाची खात्री देत नाही, हे खरे. परंतु मुंबईत प्रेक्षक नाहीत हे विधानही त्यामुळे टिकत नाही. कोल्हापुरात तालीम मंडळांच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरते, तरीही तेथे राष्ट्रीय संघ पात्रता सामना खेळलेला नाही. सुविधा असून प्रेक्षकांबाबत शंका असलेले एक शहर आणि प्रेक्षक असून सुविधा अपुऱ्या असलेले दुसरे शहर, असे महाराष्ट्राचे चित्र आहे.

तिसरा घटक राज्याच्या इच्छाशक्तीचा होय. यजमानपदाची मागणी राज्य संघटनेकडून यावी लागते आणि तिच्यामागे शासन उभे राहावे लागते. ओडिशाने कलिंग स्टेडियमच्या बाबतीत हे धोरण म्हणून स्वीकारले. महाराष्ट्रात फुटबॉलची सूत्रे मुंबईस्थित वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहेत. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना असल्याने नागपूरजवळ जामठा येथे स्टेडियम उभे राहिले व नोव्हेंबर २००८ मध्ये तेथे भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना झाला. फुटबॉलमध्ये नागपूर हा राज्य संघटनेचा एक जिल्हा आहे; चंद्रपूर व गडचिरोलीचा आवाज त्याहूनही क्षीण आहे.

वनप्रदेशाला यजमानपद मिळते तेव्हा

दुर्गम, आदिवासीबहुल प्रदेशात मोठे सामने होऊ शकत नाहीत, हा समज तीन उदाहरणांनी खोडून काढला आहे. मार्च २०२५ मध्ये भारत-बांगलादेश हा आशियाई चषक पात्रता सामना शिलाँग येथे झाला. शिलाँगहून गुवाहाटी हे मोठे हवाई केंद्र सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. केवळ अंतर निर्णायक असते, तर या दोन शहरांच्या वाट्याला इतके भिन्न भवितव्य आले नसते. शिलाँगजवळ लाजाँगसारखे राष्ट्रीय पातळीवर खेळलेले क्लब होते आणि फुटबॉल हा तेथील समाजाचा नित्याचा खेळ होता.

जानेवारी २०२३ मध्ये हॉकी विश्वचषकाचे सामने राऊरकेला येथील बिरसा मुंडा स्टेडियमवर झाले. हे शहर सुंदरगढ या आदिवासीबहुल जिल्ह्यात आहे. स्टेडियम नवे होते, परंतु दिलीप तिर्की यांच्यासारखे खेळाडू घडविणारी हॉकीची परंपरा त्या जिल्ह्यात आधीपासून होती. त्याच महिन्यात तेथे प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये महिला हॉकीची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा रांची येथे, जयपालसिंग मुंडा यांच्या नावाच्या मैदानावर खेळविली गेली. या तिन्ही ठिकाणी क्रम एकच आहे : आधी खेळ, मग मागणी, मग मैदान आणि शेवटी वाहतूक.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा क्रम उलटा होण्याचा धोका आहे. बल्लारपूरजवळील विसापूर येथील तालुका क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. वनजिल्हा देशभरातील खेळाडूंचे आतिथ्य करू शकतो, हे त्या आयोजनाने दाखवून दिले. परंतु एका आयोजनाने प्रेक्षकवर्ग किंवा स्थानिक संघ निर्माण होत नाही. वर्षभर खेळणारी मुले नसतील, तर संकुल समारंभांची जागा होऊन बसते.

प्रदेशाच्या मर्यादाही प्रांजळपणे मान्य केल्या पाहिजेत. २०२५ पर्यंतच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर व नोव्हेंबर हे पात्रता सामन्यांचे मुख्य महिने होते. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक आहे; जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. उरतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबर. गडचिरोली जिल्ह्यात तर सिरोंचाहून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. तेथील विद्यार्थ्याला जिल्हास्तरीय सामनाही परमुलखातला ठरतो. अशा स्थितीत राष्ट्रीय संघाचा पात्रता सामना या जिल्ह्यांत व्हावा ही मागणी आज वास्तवाला धरून होणार नाही.

मात्र यावरून प्रश्न निकालात निघत नाही. २०२२ च्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारी अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील होती. वनप्रदेशातील मुली राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचतात, पण राष्ट्रीय फुटबॉल त्यांच्या परिसरात पोहोचत नाही. दुसरीकडे, संतोष करंडकासारख्या देशांतर्गत स्पर्धेचे उपान्त्य व अंतिम सामने मार्च २०२३ मध्ये रियाध येथे नेण्यात आले. देशातील राज्यसंघांची स्पर्धा परदेशी नेता येते, तर तिचे प्राथमिक सामने नागपूर वा चंद्रपूरसारख्या ठिकाणी आणण्यास अंतराची सबब पुरेशी ठरत नाही.

निष्कर्ष

स्थळनिवडीच्या सद्यःस्थितीवरील मुख्य आक्षेप असा की, प्रत्येक सामन्याचे स्थळ सुटेपणाने ठरते. खालच्या पातळीवरील सामन्यांच्या यजमानपदाशी त्याचा सांधा जुळलेला नाही. कोणती स्थळे विचारात होती व ती का मागे पडली, हे कारणांसह प्रसिद्ध झाले, तर मागे पडलेल्या प्रदेशाला आपली उणीव कोणती हे कळेल. राज्य संघटनेने वयोगटांचे, महिलांचे व आंतरजिल्हा सामने पूर्व विदर्भात फिरते ठेवावेत.

जबाबदारीचा दुसरा भाग याच प्रदेशातील शिक्षणसंस्थांवर येतो. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नेमके हेच दोन जिल्हे आहेत. संलग्न महाविद्यालयांची मैदाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या चार दिवसांपुरतीच आखली जात असतील, तर महासंघाकडे बोट दाखविण्याचा नैतिक अधिकार दुबळा होतो. महाविद्यालयाच्या मैदानावर परिसरातील शाळांचे सामने नियमितपणे भरविणे, विद्यार्थ्यांमधून पंच घडविणे आणि मुलींच्या संघाला प्रवासाची हमी देणे, ही कामे स्टेडियमची वाट न पाहता करता येण्याजोगी आहेत. शिलाँग व राऊरकेला येथे मोठा सामना येण्यापूर्वी कित्येक वर्षे खेळ चालू होता. चंद्रपूर-गडचिरोलीची मागणी ऐकली जावी असे वाटत असेल, तर तिच्यामागेही तसा खेळ उभा असावा लागेल.