चिमणराव आणि आबा

१९७०च्या दशकाच्या अखेरीस चि. वि. जोशींचा चिमणराव मुंबई दूरदर्शनवर अवतरला आणि वाचकांनी मनात जपलेले आपापले चिमणराव बेघर झाले. आता पुस्तक उघडले तरी दिलीप प्रभावळकरच पुढे येतात! त्यांच्या यशाची ही किंमत वाचकाने मोजली आहे.

‘हसवाफसवी’ नाटकात त्यांनी एकट्याने सहा सोंगे वठवली. रसिक त्याच कसबाला भुलतात. मला विचाराल, तर २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा अधिक मोलाचे. ते त्यांच्याच ‘अनुदिनी’तून उतरलेले. चिमणराव बोलून हसवतो. आबा घरातल्यांचे बोलणे मिष्किलपणे ऐकून घेतात, आणि त्या ऐकण्यातच घरच्या म्हाताऱ्या माणसाची अडचण नि लोभ दोन्ही दिसतात.