ट्रकमधलं इंजिन गेलं की नक्की काय काय जातं?

एका ज्युनिअरचा संशोधन-आराखडा वाचत होते. विषय चांगला आहे: शून्य-उत्सर्जन ट्रक आल्यावर वाहनांच्या पुरवठा साखळीचं काय होईल? पण दुसऱ्याच परिच्छेदात नेहमीचं वाक्य आलं. डिझेल गाडीत हलणारे भाग खूप, इलेक्ट्रिकमध्ये मोजके, म्हणून पुरवठादारांचा धंदा त्या प्रमाणात घटेल. हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की तपासायचं राहूनच जातं.

पहिली अडचण म्हणजे हे गणित कारवरून उचललेलं आहे. ट्रकमधून इंजिन, इंजेक्टर, सायलेन्सर, डिझेलची टाकी जाईल हे खरं. पण चासी, पाटे, अ‍ॅक्सल, ब्रेक, स्टिअरिंग राहणार. बऱ्याच इलेक्ट्रिक ट्रकना कमी गिअरचा का होईना, गिअरबॉक्सही लागतो. पुण्यात मुंढव्याची भारत फोर्ज क्रँकशाफ्ट बनवते आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा बीमसुद्धा. बॅटरीच्या ट्रकमध्ये पहिल्याला जागा नाही, दुसऱ्याला आहे. मग भाग मोजून काय कळणार?

माझ्या मते भागांऐवजी मशीन मोजायला हवं. कोल्हापूरच्या फाउंड्रीला नवी ऑर्डर मिळाली तर पॅटर्न बदलून इंजिनाच्या भागाऐवजी ब्रेक ड्रम ओतता येतो. भट्टी तीच राहते. पण ज्या छोट्या वर्कशॉपने कर्ज काढून इंजिनाच्या एकाच भागाच्या एकाच ऑपरेशनसाठी एसपीएम घेतलंय, त्याला वळायला जागाच नाही. आराखड्यात हे दोघंही ‘पुरवठादार’ या एकाच रकान्यात आहेत.

दुसरी अडचण व्याख्येची. आराखड्यात शून्य-उत्सर्जन म्हणजे बॅटरी असं गृहीत धरलंय. युरोपीय महासंघाच्या अवजड वाहनांच्या नियमात मात्र हायड्रोजन जाळणारं इंजिनही या व्याख्येत बसू शकतं. आपल्याकडे टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या, त्यात फ्युएल सेलही आहे आणि हायड्रोजन इंजिनही. हायड्रोजन इंजिन टिकलं तर पिस्टन आणि क्रँकशाफ्ट राहतात. बदलते ती मुख्यतः टाकी आणि इंधन आत सोडायची यंत्रणा. म्हणजे व्याख्या बदलली की निष्कर्षच उलटतो.

तिसरी अडचण, काळाची. निती आयोग आणि आरएमआय यांच्या २०२२ च्या अहवालात चित्र मोठं आहे: ट्रक ४० लाखांवरून २०५० पर्यंत १ कोटी ७० लाख, आणि बॅटरीची गरज ४,००० गिगावॉट-तासांपर्यंत. अहवालाचा भर मालकीचा एकूण खर्च, चार्जिंग आणि कर्जपुरवठा यांवर आहे. ते धोरणासाठी योग्यच, पण २०५० चा आकडा उचलून पुरवठादाराच्या आजच्या स्थितीवर बोलता येत नाही. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी रुपये आहेत, एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख, आणि लक्ष्य सुमारे ५,६०० ट्रकचं. ४० लाखांच्या तुलनेत हे हजारात दीडसुद्धा नाहीत.

खरी कोंडी इथे आहे. डिझेलचं काम एकदम थांबत नाही, आणि ई-ट्रकच्या ऑर्डरी इतक्या थोड्या की नव्या मशीनचा हप्ता त्यातून निघत नाही. मोठी कंपनी दोन्ही लाइन चालवत वाट बघू शकते, छोट्या वर्कशॉपला ते परवडत नाही. वरून नवे भाग, म्हणजे बॅटरीचे सेल आणि मोटरमधले चुंबक, बहुतांशी बाहेरून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा ही साखळी कुठे अडते ते दिसलंच.

म्हणून या विषयावर काम करायचं असेल तर आधी तीन गोष्टी लिहून काढा: तुमच्या व्याख्येत कोणतं तंत्रज्ञान बसतं, तुम्ही साखळीचा कोणता थर बघताय, आणि कोणती वर्षं. मग एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा, या मशीनवर दुसरं काय करता येईल आणि हप्ते किती बाकी आहेत? हलणाऱ्या भागांची संख्या गुगलवर मिळते, हे उत्तर मिळत नाही. आणि पुढचं मशीन घ्यावं की नाही या विचारात असलेल्या माणसाच्या कामी तुमच्या थिसिसमधलं हेच पान येईल.