सोसतो की ठरवतो? : उन्हाळ्यात वाचायच्या पाच कादंबऱ्या

उन्हाळा आला की पेपरांच्या रविवार पुरवणीत यादी येते. सुट्टीत काय वाचाल? ती यादी सुट्टी असणाऱ्यांची. महाबळेश्वरला जाताना आंब्याच्या पेटीसोबत पिशवीत टाकायची पुस्तकं. आपला उन्हाळा निराळा. चौदा एप्रिलची जयंती झाली, मंडप सुटला, वर्गणीचा हिशेब लागला, की लग्नसराई आणि टँकरची रांग. कॉलेजातली पोरं घरी येतात. पत्र्याखाली झोप लागत नाही म्हणून विहाराच्या ओट्यावर रात्री बारापर्यंत बसतात. त्या पोरांसाठी आणि पोरींसाठी मी हे लिहितोय.

आपला कार्यकर्ता बाबासाहेबांची भाषणं वाचतो. ती वाचलीच पाहिजेत. कविता तर तोंडपाठ. १९७८ चं 'बलुतं', १९८४ चं 'अक्करमाशी' ही आत्मकथनंही वाचतो. पण कादंबरी म्हटली की तोंड वाकडं करतो. म्हणतो, सगळं खोटं असतं राव, टाइमपास.

माझं भांडण इथंच आहे. आत्मकथनात एक माणूस 'मी' म्हणून बोलतो. त्याला जेवढं दिसलं तेवढंच आपल्याला दिसतं. पाटलाच्या वाड्यात रात्री काय ठरलं, फौजदारानं फिर्याद कशी फिरवली, आपला पुढारी त्या रात्री कुणाकडं जेवला, हे त्या 'मी'ला कुठून कळणार? कादंबरीवाला तिथं घुसतो. अन्याय आकाशातून पडत नाही, चार माणसं बसून तो घडवतात. कसा घडवतात हे मोर्चा काढणाऱ्याला कळायला नको?

मात्र कादंबरी हातात घेतली की मी एक प्रश्न विचारतो. यातला आपला माणूस नुसता सोसतो, की काही ठरवतो? प्रस्थापित मराठी कादंबरीत आपला माणूस आला तो बहुतेक वेळा सोसायलाच आला. बिचारा, इमानी, मालकासाठी मरणारा. वाचणाऱ्याचे डोळे ओले झाले की त्याची ड्यूटी संपली. अण्णा भाऊ साठ्यांनी हे उलटं केलं. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मांगवाड्यातला फकिरा दुष्काळात माणसं मरताना बघतो आणि धान्य लुटून वाटतो. सरकार त्याच्यापायी गोरगरिबांना डांबतं तेव्हा स्वतः हजर होतो. लुटणं त्यानं ठरवलं, हजर होणंही त्यानंच ठरवलं. या मापानं मी पुढच्या पाच कादंबऱ्या मोजल्या आहेत.

पहिली शरणकुमार लिंबाळ्यांची 'हिंदू'. नेमाड्यांची २०१० ची 'हिंदू' वेगळी, ही २००३ ची. आंबेडकरी जलसा करणाऱ्या कार्यकर्त्याचा खून होतो. पुढं कोण गप्प बसतं, कोण विकलं जातं, कोण कुणाच्या गाडीत बसतं, ते यात आहे. आपल्यातल्या शिकलेल्या, सोयीनं वागणाऱ्या माणसांनाही लिंबाळ्यांनी सोडलेलं नाही. म्हणूनच ती आपल्याला टोचते आणि म्हणूनच पहिली वाचावी. खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ला घडलं. एका घरातली चार माणसं मारली गेली. कादंबरी त्याच्या तीन वर्षं आधीची आहे. दोष सांगायचा तर पात्रं मधेच भाषण ठोकायला लागतात. पण त्यांनी काय ठरवलं आणि काय टाळलं, हे लपत नाही.

दुसरी त्यांचीच 'सनातन', २०१८ ची. तिला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. कंपनी सरकारच्या पलटणीत जाणारा महार, पाद्र्याकडं जाणारा महार आणि गावातच राहिलेला महार, असा मोठा पट आहे. पलटणीत का गेलो, धर्म का टाकला, हे प्रश्न आपल्याला १ जानेवारीला भीमा-कोरेगावला गेल्यावर लोक विचारतात. १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभा आहे. पण त्या शिपायाच्या घरात काय बोलणं झालं असेल, ते दगडावर कोरलेलं नाही. ते कादंबरीनंच लिहायचं. तक्रार एकच. घटना इतक्या भराभर येतात की माणूस पुरता भेटायच्या आत पुढं निघून जातो.

तिसरी कविता महाजनांची 'ब्र', २००५ ची. ब्र काढायचा नाही, असं बाईला सांगतात, त्यातला हा ब्र. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. आदिवासी भागात निवडून आलेल्या बायकांचं खुर्चीवर बसल्यावर काय झालं, हे संस्थेत काम करणारी प्रफुल्ला बघत हिंडते. सही कुणाची आणि शिक्का कुणाच्या खिशात, हा खेळ आपल्याही गावात चालतो. राखीव जागेवरचा आपला सरपंच घरी आणि कारभार दुसऱ्याच्या घरी. प्रफुल्ला बाहेरून आलेली आहे आणि लेखिका ते लपवत नाही, हे मला आवडलं. यातल्या बायका सोसतात, आणि त्यातल्या काही ठरवतातही. पंचायतीच्या निवडणुकीत काम करणाऱ्यानं ही वाचल्याशिवाय गावात जाऊ नये.

चौथी नवनाथ गोरे यांची 'फेसाटी'. २०१८ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. सांगली जिल्ह्यातला जत तालुका, दुष्काळ, मेंढरं, आणि शिकायला धडपडणारं पोर. भाषा तिकडची, कर्नाटकाच्या कडेची. पहिली वीस पानं अडखळायला होईल, मग ती कानात बसते. हा आपल्या समाजाचा लेखक नाही म्हणून सोडू नका. भूक आपल्या एकट्याच्या मालकीची नाही. बहुजन बहुजन म्हणून आपण घसा कोरडा करतो, मग शेजारच्या वाड्याच्या चुलीवर काय शिजतं ते बघायला नको? मला मात्र ही कादंबरी 'शिका'पाशी थांबल्यासारखी वाटली. पोरगं एकट्यानं शिकतं, एकट्यानं झुंजतं. पुढचे दोन शब्द, संघटित होणं आणि संघर्ष करणं, राहून जातात. यावर ओट्यावर वाद घाला.

पाचवी कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. धरणानं उठवलेलं गाव. मागं सुटलेली म्हैस आणायला देवाप्पा जुन्या जागी परत जातो. माणसानं सोडलेलं जनावर तिथं रानटी होऊन बसलंय. एवढीच गोष्ट, पण एक माणूस आणि एक म्हैस यांच्यात विस्थापनाचं सगळं दुखणं येतं. वाचताना आपला प्रश्न सोबत ठेवा. गाव उठलं तेव्हा बौद्धवाडा कुठं गेला? सातबारा ज्याच्या नावावरच नाही, त्याच्या पदरात मोबदला काय पडतो? नव्या गावठाणात प्लॉट पाडताना जुनी शीव तशीच पुन्हा आखली जाते का? खोतांनी लिहिलं ते ताकदीचं आहे. आपला भाग आपण लिहायचा.

या चौघा लेखकांत बाई एकच, तीही आपल्या वस्तीतली नाही. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', उर्मिला पवारांचं 'आयदान' ही आत्मकथनं आपल्या बायकांनी लिहिली, आणि काय लिहिली! मोठ्या पटाच्या कादंबरीची जागा अजून त्यांची वाट बघतेय.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला कताईत घेत, विणखात्यात घेत नसत. तिथं पगार जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. लाल बावटा खांद्यावर होता तरी चालत नसे. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनवाल्यांच्या तोंडावर टाकला. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. मी सूतगिरणीत पाळी करतो आणि मला त्या खात्याच्या दारात उभा राहिलेला माणूस वाचायचाय. सकाळी भोंगा झाल्यावर त्यानं काय ठरवलं, बरोबरच्या लाल बावटेवाल्यानं खाली मान घातली की वर केली, घरी बायकोला तो काय बोलला. हे सांगायला दोनशे पानं लागतील.

आता व्यवहाराचं. एक कादंबरी घेणं म्हणजे आपल्यातल्या कित्येकांची दिवसभराची मजुरी. म्हणून पाच जणांनी पाच घ्या आणि आठवड्याला बदला. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे थोडे कमी करा, विहारात कपाट होईल. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. आपल्याला एक कपाट जड का व्हावं?

पावसाळ्याच्या तोंडाला ओट्यावर बसा आणि प्रत्येकानं आपल्या कादंबरीवर बोला. चांगली आहे, भारी आहे, एवढ्यावर कुणाला सोडू नका. सोसतो की ठरवतो, ते पान काढून दाखवायला लावा. आणि ज्याला वाटेल की यात आपली गोष्ट आलीच नाही, त्यानं वही घ्यावी आणि लिहायला बसावं.

जय भीम.