नाळबंधनाचा क्षण आणि रक्तवायूंचे मोजमाप : एक परीक्षण

नवजात अर्भकाची नाळ किती अंतरावर बांधावी, याचा निर्णय आपल्याकडे फार पूर्वी झाला. सुश्रुतसंहितेत आठ अंगुळांचे माप दिलेले आहे. ती केव्हा बांधावी, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. नाळ फार लवकर बांधणे अपायकारक होय, असे एरॅस्मस डार्विन याने १८०१ साली बजावले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शनानुसार एक मिनिट होण्यापूर्वी नाळेस चिमटा लावू नये. या विलंबाविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, तो असा की, त्यामुळे नाळेतील रक्तवायूंचे मोजमाप बिघडते. त्या आक्षेपाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

आक्षेपास आधार आहे तो मुख्यतः विबर्ग, शेलेन व ओलोफ्सन या स्वीडिश संशोधकांच्या २००८ सालच्या अभ्यासाचा. त्यांनी ६६ प्रसूतींत, नाळ धडधडत असतानाच, जन्मताच, ४५ सेकंदांनी व ९० सेकंदांनी रक्त घेतले. धमनीतील रक्ताचा सामू क्रमाने उतरला. कर्बाम्ल वायू आणि दुग्धाम्ल वाढले. बालकाचे श्वसन व अभिसरण सुरू होताच ऊतींत साचलेले आम्ल मुख्य रक्तप्रवाहात येते, अशी याची उपपत्ती लेखकांनी दिली आहे. प्रयोगाची रचना स्वच्छ आहे आणि निष्कर्ष ग्राह्य आहे.

तथापि त्यावरून काढली जाणारी अनुमाने तितकी ग्राह्य नाहीत. पहिली गोष्ट अशी की, अभ्यासातील सर्व बालके जन्मतः सुदृढ होती. ज्या गुदमरलेल्या बालकासाठी हे मोजमाप मुख्यतः करावयाचे, ते या अभ्यासात नाहीच. दुसरी गोष्ट, सामूतील उतार काही शतांशांचा आहे. सर्वसाधारण बालकाच्या बाबतीत तो उपेक्षणीय होय. परंतु ७·० या सीमारेषेवरील बालकाच्या बाबतीत तेवढ्यानेच निदान पालटू शकते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आकडा काळानुसार बदलतो, एवढेच येथे सिद्ध झाले आहे. म्हणून नाळ लवकर बांधावी, हे त्यातून निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते असे की, आकड्याबरोबर काळ नोंदवावा. न कापलेल्या नाळेतून सुईने रक्त घेता येते, हे तर याच संशोधकांनी करून दाखविले आहे. साधन हाती असताना मोजमापासाठी बालकाचे रक्त अडविण्याचे कारण उरत नाही.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. पूर्ण दिवसांच्या बालकास तीन मिनिटांत वारेतून सुमारे ८० ते १०० मिलिलीटर रक्त मिळते व त्याबरोबर पुढील महिन्यांस पुरणारे लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८·९ टक्के रक्तक्षयी आढळली. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात विलंबित नाळबंधनाचा समावेश झाला, तो याच कारणाने. बारामती तालुक्यातील लोणी भापकरसारख्या गावी प्रसूतीच्या जागी रक्तवायूंचे यंत्र असण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. तेथे बालकाचा श्वास, रंग आणि रडणे हीच परीक्षा. अशा ठिकाणी, यंत्रासाठी रूढ झालेली घाई यंत्रावाचून पाळली गेली, तर बालकाचे रक्तही गेले आणि आकडाही मिळाला नाही, अशी स्थिती होईल.

बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील, किंवा अन्यत्रच्या, विद्यार्थ्यांनी या विषयावर काम करावयाचे ठरविल्यास, जन्म, चिमटा आणि रक्तग्रहण या तीन क्षणांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. हे तीन क्षण माहीत नसतील, तर सामूचा आकडा कितीही सूक्ष्म असला, तरी तो अर्धेच विधान ठरतो.