‘ईश्वर’ या शब्दाच्या जागी

आस्तिक आणि नास्तिक यांच्या वादावर आपल्याकडे लिखाण उदंड झाले आहे. ईश्वर आहे की नाही, असल्यास सगुण की निर्गुण, याचा खल सांख्य आणि मीमांसक यांच्या काळापासून चालत आला आहे, व त्यात भर घालणारे आजही निघतात. परंतु वाद आटोपून हे दोन पक्ष जेव्हा एकाच घरात पानावर बसतात, तेव्हा त्यांनी एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलावे, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही. दिवेलागणीस आई शुभंकरोति म्हणू लागली म्हणजे नास्तिक मुलाने हात जोडावे, की वर्तमानपत्रात डोके घालून बसावे? दुखण्याने अंथरुणास खिळलेल्या भावास बहीण म्हणते, ‘तुझ्यासाठी देवाला साकडे घातले आहे.’ देव न मानणाऱ्या त्या भावाने यावर काय बोलावे? ‘माझा विश्वास नाही’ हे उत्तर खरे असेल, पण त्या वेळी ते शोभत नाही. आणि नुसती मान डोलवावी, तर ज्या प्रामाणिकपणासाठी त्याने देव सोडला त्यालाच बाध येतो.

या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध येतो असे एक लहानसे इंग्रजी पुस्तक आहे. ‘ॲन एथीस्ट विथ गांधी’ हे त्याचे नाव. अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशनाने ते 1951 साली छापले व त्यास किशोरलाल मश्रूवाला यांची प्रस्तावना आहे. लेखक गोपराजु रामचंद्र राव, म्हणजेच ‘गोरा’. हे आंध्रातील गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. नास्तिक मतामुळे त्यांना नोकरीस मुकावे लागले, आणि 1940 मध्ये कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूरु या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र काढले. अस्पृश्यतानिवारण व सहभोजने हे त्यांचे नित्याचे काम. सेवाग्राम आपल्या वर्ध्याजवळ असूनही तेथे घडलेल्या या प्रकरणाचा परिचय मराठी वाचकांस थोडाच आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

गांधीजींनी नास्तिक पाहिला नव्हता असे नाही. विलायतेत कायद्याचा अभ्यास करीत असता 1891 साली ते चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या अंत्यविधीस गेले होते. हे तेच ब्रॅडलॉ, जे 1889 च्या मुंबई काँग्रेसला आले होते, आणि ईश्वराच्या नावाने घ्यावयाच्या शपथेपायी ज्यांना निवडून येऊनही पार्लमेंटात बसण्यासाठी 1880 ते 1886 पर्यंत झगडावे लागले. शपथेऐवजी नुसते गंभीर प्रतिज्ञावचन देण्याची सर्वसाधारण मुभा इंग्लंडात 1888 च्या कायद्याने मिळाली, ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. या अंत्यविधीनंतर स्टेशनवर गाडीची वाट पाहत असता एका नास्तिकाने एका पाद्र्यास गाठले आणि पृथ्वीचा घेर एवढा, तर तुमचा देव केवढा व राहतो कोठे, अशी त्याची उलटतपासणी मांडली. देव आपणा दोघांच्याही हृदयात आहे, असे पाद्री म्हणाला; तेव्हा मला पोर समजू नका, म्हणून नास्तिकाने विजयी मुद्रेने इतरांकडे पाहिले. पाद्री गप्प बसला. आत्मकथेत हा प्रसंग सांगून, यामुळे नास्तिकतेविषयी आपली नावड वाढली, असे गांधीजी लिहितात. हे स्वाभाविकच होते. त्या फलाटावर कोणाला कोणाचे काही ऐकावयाचेच नव्हते.

गोरा आणि गांधीजी यांची गाठ लगेच पडली नाही. ईश्वर या शब्दाचा अर्थ काय, असे गोरांनी 1930 साली पत्राने विचारले. ईश्वर मानवी बुद्धीच्या पलीकडचा आहे, एवढेच उत्तर आले. 1941 मध्ये आपल्या कामाची हकीकत कळवून भेट मागितली, तेव्हा नुसत्या चर्चेस वेळ नाही, असे कळविण्यात आले. अखेर 1944 च्या नोव्हेंबरात सेवाग्रामास बोलावणे झाले. तुमच्यासारख्या निरीश्वर माणसाशी मी काय बोलावे, असे गांधीजींनी हसत विचारले. त्यावर, मी निरीश्वर नव्हे, नास्तिक आहे, असे गोरांनी सांगितले. पहिला शब्द केवळ नकार दाखवितो, दुसऱ्यात माणसाने आपल्या कर्तृत्वाचा भार स्वतःवर घेणे अभिप्रेत आहे, असा त्यांचा भेद. बंगालच्या दुष्काळात अन्नाने भरलेल्या दुकानांपुढे माणसे निमूटपणे मेली, ती हात पसरण्यापलीकडे का गेली नाहीत, हा त्यांचा दाखला होता. या भेदाचे मराठीकरण करताना अडचण पडते, कारण आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा, मग तो ईश्वर मानो वा न मानो. निरीश्वर सांख्य यामुळेच आस्तिकांत मोडतात! गोरांना हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. पण गांधीजींनी या शब्दच्छलात न शिरता, तुमचे चूक व माझे बरोबर असे मी म्हणू शकत नाही, अशी कबुली दिली. फलाटावरील पाद्र्याच्या मौनाहून हे निराळे होते.

परंतु पुस्तकातील खरी परीक्षा या संभाषणांत नसून एका लग्नात आहे. गोरांनी आपली थोरली कन्या त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतील अर्जुनराव या तरुणास देण्याचे ठरविले. वधूवरांपैकी एक हरिजन नसल्यास लग्नास आशीर्वाद द्यावयाचा नाही, असा गांधीजींचा त्या सुमारास नियम झालेला. तेव्हा हे लग्न त्यांना प्रिय होणारच. ते सेवाग्रामातच व्हावे, असे त्यांनी सुचविले. आता अडचण आली ती विधीची. आश्रमातील विवाहविधीत ईश्वराचे नाव घ्यावे लागे, आणि नास्तिक बापास ते चालणार नव्हते. गांधीजींनी ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द घालण्याचे मान्य केले. 30 जानेवारी 1948 रोजी त्यांचा वध झाला, आणि त्यानंतर दीड महिन्याच्या आत, मार्चमध्ये, ते लग्न त्यांच्यावाचून सेवाग्रामात लागले.

ही तडजोड होती की चकवा? असा प्रश्न करणे उद्धटपणाचे नाही. 1931 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडातील लोझान येथे बोलताना, ‘ईश्वर सत्य आहे’ असे पूर्वी म्हणत होतो, आता ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणतो, हे गांधीजींनी सांगितले होते. आणि नास्तिकांनी ईश्वर नाकारला तरी सत्य नाकारलेले नाही, हे त्या बदलाचे एक कारण म्हणून दिले होते. तेव्हा विधीतून ईश्वर काढून सत्य घातले, म्हणजे गांधीजींच्या लेखी काहीच काढले गेले नाही. गोरांच्या लेखी मात्र सर्व काही निघून गेले. एकाच मांडवात एकच शब्द उच्चारला गेला, आणि एकास ते ईश्वराचे नाव वाटावे, दुसऱ्यास ईश्वराची हकालपट्टी! गोरा या बदलाकडे नास्तिक मताला मिळालेली मान्यता म्हणून पाहतात, तेथे त्यांच्याशी सहमत होणे मला कठीण जाते.

तरीही मी याला चकवा म्हणणार नाही. शब्दाचा अर्थ दोघांनी निरनिराळा घेतला हे खरे; पण त्या शब्दाने जे कृत्य करावयाचे होते, उच्च मानलेल्या जातीतील मुलगी अस्पृश्य मानलेल्या घरी देणे, त्याचा अर्थ दोघांस सारखाच होता, आणि त्याची किंमत दोघेही देणार होते. शिवाय शब्द कोणी बदलला, हेही पाहिले पाहिजे. नास्तिकाने आस्तिकाच्या तोंडचा शब्द हिसकून घेतला नाही. ज्याचा तो शब्द, त्यानेच तो पुढे होऊन बाजूस ठेवला. दिवेलागणीस आईला गप्प करणारा मुलगा आणि पोराला बळेच हात जोडावयास लावणारी आई, या दोघांच्याही हातून हेच सुटते.

याच्या उलट प्रकार आपल्या छापखान्यांत शेकडो वेळा घडला आहे. गोपाळ गणेश आगरकर 17 जून 1895 रोजी वारले. ईश्वर व परलोक यांच्याविषयीच्या रूढ समजुतींवर ज्यांनी ‘सुधारका’तून हत्यार धरले, त्यांच्या नावामागे मराठी ग्रंथांतून व वर्तमानपत्रांतून ‘कै.’ हे अक्षर बिनदिक्कत बसविण्यात आले. आगरकर कैलासास गेले! यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, हेतूच नव्हता. आगरकरांशी कोणाचे बोलणे झाले नाही, कोणी आपली श्रद्धा त्यांच्यासाठी बाजूस ठेवली नाही, की ती त्यांच्यासाठी मनापासून उच्चारलीही नाही. बहिणीच्या साकड्यात निदान बहीण असते. त्या ‘कै.’मध्ये फक्त खिळे जुळविणाऱ्याची सवय आहे. आता ‘दिवंगत’ लिहिण्याचा प्रघात वाढला आहे, पण त्या शब्दातही स्वर्ग दडलेला आहेच, हे संस्कृत जाणणारांस सांगावयास नको. ब्रॅडलॉंना ज्यासाठी झगडावे लागले, तो पर्याय आमच्या राज्यघटनेने 1950 पासून मंत्र्यांस व लोकप्रतिनिधींस शपथेच्या नमुन्यातच दिलेला आहे. विधिमंडळात जी सोय सहज होते ती लग्नपत्रिकेत का होऊ नये, असे मनात येते.

प्रार्थनेसंबंधाने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हणत. ते एकोणीस श्लोक कोणीही काढून पाहावे. त्यांत उपास्य देवाचा स्पष्ट निर्देश म्हणावा तर ‘मत्परः’ एवढ्या एका पदात. बाकी सारा विचार माणसाने काम, क्रोध व इंद्रिये कशी आवरावी याचा. परतत्त्वाचा व ब्रह्माचा उल्लेख आहे, तो आहेच. पण नास्तिकास ज्या प्रार्थनेत बसवेल अशी प्रार्थना शोधावयास आश्रमास दूर जावे लागले नसते. गोरांसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाने विवाहविधीतील एका शब्दाचा जितका विचार केला, तितका या श्लोकांचा केला असता, तर पुस्तकास अधिक खोली आली असती.

पुस्तकाची भाषा साधी, काहीशी रुक्ष आहे. गांधीजींची वाक्ये लेखक जपून देतो, आपली मात्र पूर्ण विस्ताराने. हा दोष अशा सर्वच आठवणींत आढळतो. दुसरा दोष अधिक बोचतो. ज्या लग्नासाठी शब्द बदलला गेला, त्याची कथा आपण बापाच्या तोंडून ऐकतो. विधीत कोणता शब्द असावा हे दोन वडीलधाऱ्या पुरुषांनी ठरविले. तो शब्द तोंडाने उच्चारून संसारास लागावयाचे होते ते वधूवरांना, आणि त्यांनी ‘सत्य’ म्हणताना मनात काय धरले, हे ऐकण्याची इच्छा हे पुस्तक उत्पन्न करते व तशीच ठेवून देते.