जीवनाचे पावित्र्य आणि पहिले शील

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी प्रसृत केलेले ‘एव्हान्गेलियुम विते’, म्हणजे ‘जीवनाचे शुभवर्तमान’, हे परिपत्र मानवी जीवनाच्या पावित्र्याविषयी कॅथलिक चर्चची भूमिका विस्ताराने मांडते. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात अमरावती-अकोल्यासह वऱ्हाड येतो. आपल्या शेजारीच सांगितली जाणारी ही शिकवण धम्माच्या कसोटीवर पारखणे अगत्याचे आहे.

प्रथम साम्य पाहू. निरपराध मनुष्याची हेतुपुरस्सर हत्या, गर्भपात आणि दयामरण या तीन गोष्टींचा परिपत्राने विशेष अधिकारवाणीने निषेध केला आहे. विनयपिटकातील तिसरा पाराजिक ज्याने वाचला, त्याला हा स्वर अपरिचित वाटणार नाही. मातेच्या उदरी प्रथम चित्त उत्पन्न झाल्यापासून मरणापर्यंत मनुष्यत्व मानणारा तो नियम हत्या करणाऱ्या भिक्खूलाच नव्हे, तर मरणाची स्तुती करून दुसऱ्यास मरणास प्रवृत्त करणाऱ्या भिक्खूलाही संघाबाहेर काढतो. दुबळ्याच्या जीविताचे मोल उपयुक्ततेवर ठरवू नये, हा परिपत्राचा आग्रह आम्ही निःसंकोच मान्य करतो.

भेद आहे तो अधिष्ठानाचा. चर्चच्या मते जीवन हे ईश्वराचे दान, म्हणून ते पवित्र. आता पावित्र्य हा शब्द आम्हांस सावधपणेच ऐकावा लागतो. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिराची दारे अस्पृश्यांना बंद राहिली, ती पावित्र्याच्याच नावाने. तथागतांनी वेळुद्वार गावच्या गृहस्थांना उपदेश करताना ईश्वराचा आधार घेतला नाही. मरण मला अप्रिय आहे, तर ते दुसऱ्यावर मी कसे लादावे, एवढाच तो विचार; आणि तो मनुष्यापाशी न थांबता प्राणिमात्रापर्यंत जातो. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले. नियम आज्ञा करतो, तत्त्व विचार करावयास लावते. देहदंडाचेच उदाहरण घ्या. १९९५च्या परिपत्राने अतिविरळ प्रसंगापुरती त्यास वाट ठेवली होती. तो सर्वथा अस्वीकार्य असल्याची दुरुस्ती चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात २०१८ साली झाली. देहदंड रद्द करावा, हे मत बाबासाहेबांनी संविधान सभेत ३ जून १९४९ रोजीच मांडले होते.

खरी कसोटी मात्र वऱ्हाडच्या कोरडवाहू शिवारात लागते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. आत्महत्या त्यानंतरही थांबल्या नाहीत. परिपत्र आत्महत्येला गंभीर दुष्कृत्य मानते, तसेच परिस्थितीच्या दडपणाने व्यक्तीचे दायित्व कमी होते, हेही सांगते. त्यात करुणा आहे. दारिद्र्य आणि उपासमार यांचाही त्यात उल्लेख आहे. परंतु ज्या अधिकारवाणीने गर्भपाताचा निषेध होतो, त्या वाणीने माणसाला मरणाच्या दारी नेणाऱ्या व्यवस्थेचा निषेध होत नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचा क्रम याच्या उलट आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, आणि अखेरीस मनुष्याचे आयुष्यच घटत गेले. कूटदन्त सुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की, शेती करणाऱ्यांना बीज आणि अन्न पुरवावे. जीवितरक्षणाची सुरुवात येथे राज्याच्या कर्तव्यापासून होते.

म्हणून विहारात पहिले शील ग्रहण करणाऱ्याने केवळ ‘माझ्या हातून हत्या झाली नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. कर्जाने खचलेल्या घरी वेळेवर पोहोचणे, त्या घरच्या माणसाला एकटे न सोडणे, त्याच्या कापसाच्या रास्त भावासाठी शासनदरबारी झगडणे, हेही त्या शीलाचेच पालन होय. या कामी चर्चचा माणूस सोबत आला, तर ईश्वराचा वाद बाजूस ठेवून त्याचे स्वागत करावे.